धाप आणि घरघर



आज डोस नाही, बाजारभाव नाही. आज श्वासाच्या आवाजाबद्दल लिहितोय. विषय वेगळा वाटेल, पण फवारणी करणाऱ्या आणि करून घेणाऱ्या प्रत्येकाने शेवटपर्यंत वाचा.

आपल्या भाषेत या आवाजांना किती शब्द आहेत बघा. द्राक्षाचं शेवटचं क्रेट गाडीत चढलं की तोंडातून निघतं ते हुश्श. रात्रभर गारपिटीची भीती, आणि पहाटे आभाळ मोकळं दिसलं की सुटतो तो सुस्कारा. लासलगावला लिलावात आपल्या ट्रॅक्टरपाशी उभं राहून भाव ऐकला की छातीतून जड निघतो तो उसासा. शाळेत गुरुजींनी सांगितलं होतं, उच्छ्वास शब्द झिजून उसासा झाला. आमची आई तर तिन्हीसांजेला कुणाला उसासा टाकू द्यायची नाही. म्हणायची, घराला लागतो.

आमचे वडील ओसरीवरून आत येताना आधी खाकरायचे. ते ऐकून सुना पदर सावरायच्या. बैल नांगराला अडला की नाकातून फुसकारायचा, मग आम्ही फाळ बघायचो, दगड लागलाय का. बांधाच्या गवतातून कुकरच्या शिटीसारखा फूत्कार आला की पाय जागेवर थांबवायचा, तिथे घोणस असते. म्हणजे हे नुसते शब्द नाहीत, प्रत्येक आवाजावर काय करायचं तेही ठरलेलं आहे.

एवढं माहीत असून मी चुकलो, ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, उन्हाळ कांद्यावर फुलकिडे आले होते. आमच्याकडे नेहमी येणारा गडी सकाळपासून पाठीवरच्या पंपाने फवारत होता. पंप माझाच, झाकणातून गळणारा. त्याचा शर्ट पाठीवर ओला झालेला. तोंडाला नुसता रुमाल. दुपारी एकच्या सुमारास तो बांधावर बसला, जोरजोरात श्वास घेत होता. मी म्हणालो, "दम खा जरा, पाणी पी." आणि मी मोटरकडे गेलो.

अर्ध्या तासाने मंडळी भाकरी घेऊन आली. तिने त्याच्याकडे बघितलं आणि मला हाक मारली. "अहो, ही धाप नाही. बसून इतका वेळ झाला तरी छातीत घरघर वाजतेय. लाळ बघा कशी गळतेय." तिच्या माहेरी घटसर्पाने गाय गेली होती. घशाला सूज आणि रात्रभर घरघर. तो आवाज तिच्या कानात होता.

शर्ट काढला, साबणाने अंग धुतलं, औषधाची बाटली बरोबर घेतली आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी बाटलीवरचं नाव वाचलं, डोळे बघितले. बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. लगेच इंजेक्शनं सुरू केली. चार दिवस तो आत होता. वाचला.

आता धोका नाही असं डॉक्टर म्हणाले तेव्हा त्याच्या बायकोने लांब श्वास सोडला. मला वाटलं, सुटकेचा सुस्कारा. घरी येताना ही म्हणाली, "तो उसासा होता. चार दिवस घरात मजुरी नाही, आणि आठ दिवसांनी नवऱ्याला तोच पंप उचलायचाय." दोन्ही आवाज माझ्यासमोर झाले आणि दोन्ही मला कळले नाहीत. कारण मी मालकाच्या कानाने ऐकत होतो.

त्या दिवसांची मजुरी दिली. तो पंप मोडीत काढला. आता मास्क, हातमोजे घातल्याशिवाय पंप कुणाच्या हातात देत नाही, उन्हाच्या वेळी फवारणी नाही. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, उशिरा केलं म्हणून सांगतोय. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. ती बातमी मीही वाचली होती. वाचून पंप तोच वापरला.

एवढं लक्षात ठेवा. साधी धाप सावलीत बसल्यावर हळूहळू उतरते. घरघर उतरत नाही. सोबत लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, मळमळ असेल तर वाट बघू नका. माणसाला प्लॉटबाहेर मोकळ्या हवेत आणा, कपडे काढा, साबणाने धुवा, धुणाऱ्यानेही हातमोजे घाला. दूध पाजणं, उलटी करवणं यात वेळ घालवू नका. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. बाटली बरोबर न्या, उताऱ्याचं औषध लेबलवर किंवा माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाची औषधं जास्त विषारी, ती हाताळताना दुप्पट काळजी घ्या.

आणि गडी बांधावर बसला तर दम खा म्हणून निघून जाऊ नका. दोन मिनिटं शेजारी बसा, त्याचा श्वास ऐका.

तुमच्या भागात या आवाजांना आणखी काय म्हणतात तेही कळवा.