धर्मांबुधीवरची जत्रा

बंगळूरला समुद्र नाही. नाव घेण्यासारखी नदीसुद्धा नाही. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवरचं हे शहर शतकानुशतकं तळ्यांचं पाणी प्यायलं. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना पहिल्या दोन दिवसांतच चुकल्यासारखं होतं. तिकडे संध्याकाळी जीव रमेना की चपला पायात सरकवायच्या आणि गिरगाव चौपाटी गाठायची, भेळ घ्यायची, पाळण्यातल्या पोरांचा आरडाओरडा ऐकायचा. खिसा रिकामा असेल तर नुसतं वाळूत बसायचं. एका खोलीत संसार करणाऱ्या कितीतरी गिरगावकरांना त्या वाळूने अंगण दिलं. बंगळूरचं असं अंगण कुठलं, असं कुणी विचारलं की मी लालबाग सांगत नाही, कब्बन पार्कही सांगत नाही. मी मॅजेस्टिक सांगते.

आज मॅजेस्टिक म्हणजे भलंमोठं बसस्थानक, समोर रेल्वे स्टेशन, आणि जमिनीच्या पोटात जांभळ्या आणि हिरव्या मेट्रोची गाठ. जिथे बसगाड्या लागतात तिथे पूर्वी धर्मांबुधी नावाचं तळं होतं. जुनी पेठ त्याच्या पाण्यावर जगायची. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. तेव्हाचं गाव अशाच तळ्यांच्या भरवशावर होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हेसरघट्ट्याहून नळाचं पाणी आलं आणि गावातल्या तळ्यांकडे बघणारं कुणी उरलं नाही. धर्मांबुधी आटत गेलं, त्याचं मैदान झालं, मैदानाचं बसस्थानक झालं. काठावरची अण्णम्मा देवी मात्र जागची हलली नाही. ती या शहराची ग्रामदेवता. आजही बसमधून उतरलेली माणसं आधी तिला हात जोडतात आणि मग कामाला लागतात. मागच्या रस्त्याला अजून टँक बंड रोडच म्हणतात. बांध शिल्लक नाही, पण रिक्षावाल्याला सांगितलं की तो बरोबर तिथे नेऊन सोडतो.

तळं गेलं तरी त्याच्या आसपास माणसं गोळा व्हायची थांबली नाहीत. केंपेगौडा रोड आणि गांधीनगरच्या गल्ल्यांमधून थिएटरं उभी राहिली: मॅजेस्टिक, सागर, स्टेट्स, मेनका, अलंकार, त्रिभुवन, कपाली, नर्तकी, संतोष, सपना. नावं सलग म्हणताना माझ्या तोंडाला अजून चव येते. 1972 मध्ये कन्नड अभिनेते डॉ. राजकुमार यांचा 'बंगारद मनुष्य' स्टेट्समध्ये लागला आणि दोन वर्षं उतरला नाही. तालुक्याच्या गावाहून कोर्टकचेरीसाठी आलेला शेतकरी काम झालं की तो चित्रपट बघून रात्रीच्या बसने परत जायचा. शहर सोडून गावी जा, जमीन कसा, असं सांगणारा हा चित्रपट शहराच्या बसस्थानकाशेजारी इतका चालावा, याचं मला आजही कौतुक वाटतं. तिथे बसलेल्या किती जणांचं मन त्या अंधारात घरी जाऊन आलं असेल!

या करमणुकीच्या मुळाशी आपलाही धागा आहे, आणि तो मराठी माणसाला फारसा ठाऊक नसतो. पहिला कन्नड बोलपट 'सती सुलोचना' चित्रित झाला कोल्हापूरच्या छत्रपती सिनेटोनमध्ये, आणि 3 मार्च 1934 रोजी लागला इथल्या सिटी मार्केटजवळच्या पॅरामाउंटमध्ये. त्याच्या नव्वद वर्षं आधीचं देणं उलट्या दिशेचं होतं. उत्तर कन्नडातल्या कर्कीच्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या राजांनी पाहिले, त्यातून विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर' हे मराठी नाटक 1843 मध्ये उभं राहिलं. इकडून नाटक गेलं, तिकडून बोलपट आला. सीमेवरून हमरीतुमरीवर येणाऱ्यांनी एवढा हिशेब तरी मनात ठेवावा.

मॅजेस्टिकहून थोडं पुढे गेलं की आनंदराव सर्कल लागतं. म्हैसूरचे दिवाण टी. आनंदराव हे तंजावरी मराठी घराण्यातले, सर टी. माधवराव यांचे चिरंजीव. त्यांच्या नावाच्या या चौकाच्या आसपास रात्री पुण्या-कोल्हापूरकडच्या खाजगी गाड्यांची गर्दी उसळते. आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला श्रीनगर ते मॅजेस्टिक बसमध्ये तिकिटं फाडणारा शिवाजीराव गायकवाड नावाचा मराठी कंडक्टर होता. त्याच्यातला नट ओळखून त्याला मद्रासला जायला लावलं ते बसचालक मित्र राज बहादूर यांनी. 1975 च्या 'अपूर्व रागंगळ'मधून तो रजनीकांत म्हणून पडद्यावर आला. मॅजेस्टिकच्या थिएटरांवर त्याचे कटआउट चढले तेव्हा खालून त्याच्या जुन्या मार्गाची बस जात असणार, हा विचार मला फार आवडतो.

कटआउट कसा सजतो ते एकदा जवळून बघावं. नर्तकीपुढे पहिल्या खेळाच्या सकाळी बांबूच्या परांचीवर दोन पोरं अनवाणी चढतात. खालून झेंडूचे हार दोराने वर खेचले जातात. हार गळ्यात पडला की दुधाच्या पिशव्या दातांनी फोडून नायकाच्या कपाळावरून धार सोडतात. ते दूध रंगवलेल्या शर्टावरून ओघळत खाली ताशा बडवणाऱ्याच्या डोक्यावर पडतं. तो पुसत नाही, जोर वाढवतो. दूध वाया जातं हे मलाही दिसतं. पण आठवडाभर दुसऱ्याच्या इमारतीला गिलावा करणाऱ्या या पोरांचा त्या तासाभरात जो रुबाब असतो, त्यावर बोट ठेवायला माझं मन धजत नाही.

आता थिएटरं एकेक करून पडताहेत. ज्याच्यावरून सगळ्या भागाला नाव मिळालं ते मॅजेस्टिक कधीच गेलं. 1968 मध्ये उघडलेलं, हजाराहून कितीतरी जास्त खुर्च्यांचं कपाली 2017 मध्ये बंद झालं. जागेचे भाव पाहता मालकांना दोष देता येत नाही. माझं दुःख वेगळं आहे. मॉलमधल्या थिएटरात गाठोडं घेऊन, धुळीच्या पायांनी कुणी शिरत नाही. दारावरची तपासणीच त्याला परत फिरवते. मॅजेस्टिकच्या थिएटरांत सगळ्यात पुढच्या, स्वस्त रांगांना गांधी क्लास म्हणत. तिथे बोचकं पायाशी घेऊन बसता यायचं, आणि बसची वेळ झाली की क्लायमॅक्स सोडून उठताही यायचं.

रविवारी दुपारी मी अजून तिथे जाते. कलबुर्गी, रायचूरकडची बांधकामावरची मंडळी सुट्टीला इथेच उतरतात. फुटपाथवर मोबाइलची कव्हरं, प्लास्टिकचे गॉगल, हातभर मापून दिलेला मोगरा, चुरमुरी, मिरची भजी. परवा तिथे चार पोरं एकच गॉगल आळीपाळीने घालून फोटो काढत होती. गॉगलवाल्याने हटकलं नाही, उलट आरसा पुढे केला. फोटो झाले, घासाघीस झाली, गॉगल काही घेतला नाही, आणि चौघं भज्यांच्या गाडीकडे वळून कुणाकडे किती सुटे आहेत ते मोजू लागली.