खाडीपलीकडचं घर

अलिबागहून मुरूडकडे जाणारी एसटी रेवदंड्याच्या पुलावर आली की कुंडलिका समुद्राला मिळताना दिसते आणि पलीकडे कोर्लईचा किल्ला उभा राहतो. काशीदच्या सुरूच्या बनापाशी सहलीच्या गाड्यांची रांग होती. शेजारी बसलेल्या कार्यकर्त्या ताईंचं मात्र लक्ष थांब्यांकडे. कोणत्या गावातून उशिरा रात्री वाहन मिळत नाही, कुठल्या गावच्या पोलीस पाटलाला फोन करता येतो, हे त्यांना तोंडपाठ. मार खाऊन रात्री घराबाहेर पडलेल्या बाईला या सुंदर किनाऱ्यावर आधी अंतर मोजावं लागतं, हे त्यांच्याबरोबर फिरताना कळत गेलं.

मुरूडला एक तिशीची बाई आम्हाला येऊन मिळाली. हातात प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात दवाखान्याचा केसपेपर, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि कोर्टाचा आदेश. सासर श्रीवर्धन तालुक्यात, माहेर इकडे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. बाई तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही या कायद्याने अर्ज करता येतो. त्यामुळे तारखेसाठी तिला खाडी ओलांडावी लागली नव्हती. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क तिला आहे. तो हक्क बजावायला आज ती निघाली होती.

आगरदांड्याला जंगल जेटीच्या, म्हणजे वाहनंही नेणाऱ्या, बोटीत चढलो. मोटारसायकली, बर्फाच्या पेट्या, शाळेची पोरं. राजपुरीच्या खाडीचा वारा झोंबत होता. ताईंनी विचारलं, "भीती वाटते का गं?" ती म्हणाली, "मना भांडाचा नाय, ताय. मना माजे घरान राहाचा हाय."

बोटीवर ताई जुन्या कामाबद्दल बोलत होत्या. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिलांसाठी विशेष कक्ष उघडला. पोलिसांच्याच आवारात समाजकार्यकर्ती बसली आणि बाईला तक्रारीबरोबर आधारही तिथेच मिळू लागला. पुढे २०१५ मध्ये 'सखी' केंद्रांची योजना आली, ती उपचार, समुपदेशन, पोलीस आणि वकील यांची मदत एका छपराखाली आणण्यासाठी. अशा एकत्र मदतीची गरज दूर काँगोतही दिसली. तिथल्या युद्धात बलात्कार झालेल्या हजारो स्त्रियांवर बुकावूच्या पांझी रुग्णालयात डॉ. डेनिस मुकवेगे यांनी उपचार केले. त्यांना २०१८ चं शांततेचं नोबेल मिळालं. शस्त्रक्रियेबरोबर मानसिक आधार, वकील आणि रोजगार नसेल तर बाई पुन्हा उभी राहत नाही, हे तिथल्या कामानेही दाखवलं. युद्ध असो की घर, सुटका झाल्यावर बाई जगणार कुठे आणि कोणाच्या आधाराने, हा प्रश्न उरतोच.

दिघीला उतरून रिक्षाने गावात पोचलो. ठाण्यातला हवालदार आधीच आला होता. आदेश अमलात आणायला पोलिसांनी मदत करावी, असं न्यायदंडाधिकारी सांगू शकतात. पडवीत पाच-सहा माणसं जमली. एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "गावचं गावात मिटवायचं होतं. कोर्टात गेली, आता गावकी हिच्याशी बोलणार नाही."

ताईंनी आवाज चढवला नाही. "काका, वाळीत टाकणं गुन्हा आहे. २०१६ चा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड." वाळीत टाकण्याच्या प्रकरणांनी रायगडातली कितीतरी घरं होरपळली आहेत, म्हणून पडवीतल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागलं नाही. गृहस्थ गप्प झाले.

ती आत गेली. फळीवरचा तांदळाचा डबा उघडून पाहिला, मुलाचं दप्तर खुंटीला लावलं, मोरीतला नळ सोडून पाहिला. सासू दारातच उभी होती. शेजारची एक बाई मागच्या दाराने आली आणि न बोलता पाण्याची कळशी ठेवून गेली. ताईंनी लगेच तिला गाठून तिचा फोन नंबर वहीत लिहून घेतला.

परतीच्या बोटीत पुढची कामं ठरली: आठवडाभर रोज संध्याकाळी त्या शेजारणीला फोन, आदेश मोडला तर संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार, पुढच्या तारखेला सोबत. या धावपळीचा खर्च ताई बहुतेक वेळा पदरचा करतात. आदेश खाडीपलीकडच्या दारापर्यंत नेणं आणि नंतर त्या दारावर लक्ष ठेवणं हाच मदतीचा सर्वांत अवघड भाग आहे. त्यासाठी सरकारने माणसं नेमावीत, त्यांना पगार आणि प्रवासभत्ता द्यावा. कोर्टाच्या शिक्क्याला किनाऱ्यावरच्या गावात वजन येतं ते याच माणसांमुळे.