मनगटातली दोरी

'मनगटात जोर हवा' असे वडीलधारे ऐकवतात. पण त्या मनगटात असते काय, हे आम्हा कलाशाखेच्या मंडळींना कोण सांगणार? मला सांगितले ते माझ्या मामेबहिणीने. ती डॉक्टरकी शिकते आणि सुट्टीत आली की दिसेल त्याचा हात ओढून बघते. "अरे, अंगठा नि करंगळी जुळव आणि मनगट आत वाकव." उजव्या मनगटाच्या मधोमध तंबोऱ्याच्या तारेसारखी एक दोरी ताठ उभी राहिली. डावे मनगट मात्र सपाट!

ही दोरी म्हणजे पामारिस लाँगस नावाच्या स्नायूची कंडरा. शंभरांतल्या सुमारे पंधरा जणांच्या एका किंवा दोन्ही हातांत हा स्नायू नसतोच, असे पाठ्यपुस्तके म्हणतात. लोकसमूह बदलला की हा आकडाही बराच बदलतो. कुणाकुणात त्याचे मांसल पोट कोपराकडे असायचे ते मनगटापाशी उतरलेले असते आणि तिथल्या मज्जातंतूवर दाब आणून बोटांना मुंग्या आणते. आणि मुळात नसलाच, तर? काही अडत नाही. माझ्या डाव्या हाताने बादल्या उचलल्या, सायकलचे ब्रेक दाबले. तक्रार कधी केली नाही.

मग तो असतो तरी कशाला? शल्यविशारदांना विचाराल तर म्हणतील, दुसरीकडे लावायला! १९७४ साली अमेरिकेत डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या बेसबॉलपटूच्या उजव्या हातातली ही दोरी काढून त्याच्या डाव्या कोपरात बसवली. गडी १९७६ मध्ये मैदानात परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. मला मात्र आपल्या मुंबईची गोष्ट अधिक मोलाची वाटते. कुष्ठरोगात मज्जातंतू निकामी होऊन बोटे नख्यांसारखी आत वळतात, भाकरीचा घास धड धरवत नाही. अशा हातांसाठी जे. जे. रुग्णालयातल्या डॉ. नोशिर अंतियांनी हाच स्नायू कामाला जुंपला. त्याला पट्टी जोडायची, तिचे चार फाटे करायचे आणि एकेक फाटा एकेका बोटाला! १९६९ मध्ये त्यांनी ही रीत लिहून प्रसिद्ध केली.

धोका आहे तो आमच्यासारख्या 'नसलेल्यां'ना. या दोरीच्या जागेखालीच मीडियन नावाचा मज्जातंतू असतो, तोही पांढुरकाच. कंडरा समजून तोच काढून घेतल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. मग अंगठ्याची आणि शेजारच्या बोटांची जाणीवच जाते. म्हणून भूल देण्याआधी हात तपासायचा असतो, पुस्तकातला नव्हे, समोरच्या माणसाचा. माझ्यावर तशी वेळ आलीच, तर डॉक्टरांना मी आधीच सांगून ठेवणार आहे : काय न्यायचे ते उजव्यातून न्या, डाव्याच्या वाटेला जाऊ नका.