फूल हाताला येत नाही, जागेला येते

पावसाळा लागला की आमच्या शहापुरात रात्री नऊ-साडेनऊला दारावर थाप पडते. शेजारची एखादी मुलगी सांगते, "काका, आमच्याकडे ब्रह्मकमळ फुलतंय, बघायला चला." मग आम्ही, मुलांची आई आणि मुले चपला अडकवून निघतो. कुंडीभोवती दहा-पंधरा माणसे जमलेली असतात. कोणी हळदकुंकू वाहते, कोणी निरांजन ओवाळते, कोणी मोबाइलवर फोटो काढते. वीतभर रुंदीचे ते पांढरेशुभ्र फूल पाहून आम्ही घरी येत असू, आणि आमच्याही घरात तेच झाड उभे असे. पण नुसते हिरवे.

२०१७ च्या पावसाळ्यात आईने ओळखीच्या एका घरून या झाडाची दोन पाने आणली होती. एक आम्हाला दिले, दुसरे मुरबाडला दिलेल्या आमच्या धाकट्या बहिणीला. आम्ही कारकून माणूस, सगळे वेळच्या वेळी करण्याची सवय. मोठी कुंडी आणली, भाताच्या खाचरातली माती आणि शेणखत भरले, रोज सकाळी तांब्याभर पाणी घातले. कोणी सांगितले म्हणून युरियाही टाकला. दोन खोल्यांच्या घराला अंगण नाही, तेव्हा कुंडी टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात ठेवली. झाड छताकडे वाढत गेले. फूल मात्र पाच वर्षांत एकही नाही.

"तुमच्या घराला ते लाभत नाही," असे एक शेजारीण म्हणाली. आम्ही हसून सोडून दिले. सभांमधून अंधश्रद्धेवर बोलणाऱ्या माणसाला त्याचे काय वाटणार? पण तेच बोलणे आमच्या बहिणीच्या वाट्याला आले तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखे राहिले नाही.

तिच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षे झाली होती. मूलबाळ नव्हते. तिच्याही झाडाला फूल नव्हते. २०२२ च्या जानेवारीत एका बारशाला चार बायकांसमोर कोणीतरी बोलले, "हिच्या हाताला फूलच नाही." बहीण काही बोलली नाही. घरी आली, पुढच्या खोलीतले झाड उचलले आणि मागच्या दारी पत्र्याच्या वळचणीला नेऊन ठेवले. त्यानंतर तिने बारशाला जाणेच सोडले.

एप्रिलमध्ये जयंतीला माहेरी आली तेव्हा तिने हे आईला सांगितले, आम्ही शेजारीच बसलो होतो. आम्ही म्हणालो, "लोकांचं काय मनावर घेतेस?" व्यासपीठावर तासभर बोलणारे आम्ही, सख्ख्या बहिणीसाठी आमच्यापाशी एवढे एकच वाक्य होते. त्याची लाज आम्हाला आजही वाटते.

२०२३ च्या जुलैमध्ये एका रात्री दहाला तिचा फोन आला. "दादा, मागच्या दारी फूल आलंय. एक नाही, तीन."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. किन्हवली-सरळगावच्या रस्त्याने आम्ही मुरबाड गाठले. फुले तोवर मिटून ओल्या कापसासारखी लोंबत होती. झाडावर आणखी दोन कळ्या मात्र होत्या. आम्ही झाड नीट पाहिले. तेलाचा जुना डबा, बुडाला गंजून भोके पडलेली. आत थोडी माती, बाकी विटांचे तुकडे आणि कुजलेला आंब्याचा पाला. मुळांनी डबा गच्च भरलेला. वळचण पूर्वेची, त्यामुळे सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि दुपारी सावली येते. हिवाळ्यात कोणी फारसे पाणी घातले नव्हते. टाकून दिलेले झाड फुलले होते आणि आमचे लाडाकोडाचे कोपऱ्यात हिरवे राहिले होते!

मग आम्ही रीतसर चौकशी केली. महामार्गावरच्या एका रोपवाटिकेत विचारले, शेतीची माहिती असलेल्या एका गुरुजींना विचारले, पुस्तके चाळली. कळले ते असे. हे झाड कमळ नाही, निवडुंग आहे. आपल्याकडे शेताच्या बांधाला असतो तो चीक निघणारा थोरसुद्धा खरा निवडुंग नव्हे, तो एरंडाच्या कुळातला. हे झाड मात्र निवडुंगाच्याच कुळातले, मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटलम. ज्याला आपण पान म्हणतो ते त्याचे चपटे खोड. कळी त्या खोडाच्या कडेलाच येते. खरे ब्रह्मकमळ वेगळेच आहे. ते हिमालयात उंचावर उगवते आणि सूर्यफुलाच्या कुळातले आहे. उत्तराखंडाचे ते राज्यफूल. १९८२ साली टपाल खात्याने हिमालयातील फुलांची तिकिटे काढली, त्यांत ते आहे. आपल्या कुंडीतल्या मेक्सिकोच्या पाहुण्याला नुसते त्याचे नाव चिकटले. नावापाठोपाठ पुण्य, भाग्य आणि शकून-अपशकूनही आले.

हा निवडुंग वाळवंटातला नव्हे, जंगलातला. तिथे तो झाडांच्या फांद्यांवर वाढतो, म्हणून त्याला गाळून आलेला उजेड भरपूर लागतो. अंधाऱ्या कोपऱ्यात तो जगतो, पण फुलत नाही. फांदीवर माती ती किती असणार? म्हणून चिकट माती आणि मोठी कुंडी त्याला नको. कुंडी जरा तंगच बरी. युरियाने खोड वाढते, कळी येत नाही. फूल रात्री उमलते ते मुहूर्त पाहून नव्हे. त्याच्या मूळ देशात रात्री उडणारे मोठे पतंग त्याचे परागीभवन करतात. त्यांना अंधारात दिसावे म्हणून ते पांढरे, त्यांना सापडावे म्हणून सुगंधी.

आम्ही हे सारे बहिणीला सांगायला गेलो, तर ती आमच्या पुढे गेलेली होती. फुले आल्याचे कळताच त्याच बायका म्हणाल्या होत्या, "आता तुझ्याकडे पाळणा हलणार बघ." आम्हाला वाटले ती सुखावली असेल. ती म्हणाली, "दादा, फुललं नव्हतं तेव्हा माझा दोष नव्हता. आता फुललं तर माझं पुण्य नाही. त्याला ऊन मिळालं, एवढंच."

आमच्या बीकॉमच्या पदवीला आणि सगळ्या भाषणांना जे साधले नाही, ते ती सहज बोलून गेली. आम्ही फुलाची पावती घेऊन तिला निर्दोष ठरवायला निघालो होतो. पण ती पावती खरी मानली, तर आधीचा ठपकाही खरा मानावा लागतो. बाई म्हणजे झाड नव्हे, आणि मूल म्हणजे तिच्या मोलाचा दाखला नव्हे.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. झाड फुलेना तेव्हा आम्ही उजेड, माती, पाणी, कुंडी सगळे तपासले. बहिणीच्या बाबतीत अकरा वर्षे गोळ्या आणि काढे एकट्या तिलाच. मेव्हण्यांची साधी तपासणीही झाली नव्हती, आणि आम्हीही कधी विचारले नव्हते. त्या दिवशी विचारले. ते समजूतदार निघाले, स्वतःहून डॉक्टरांकडे गेले. पुढचे त्या दोघांचे आहे, ते येथे सांगण्याचे कारण नाही.

आता आमच्या झाडाविषयी. पावसाळा सरल्यावर ते लहान कुंडीत हलवले. माती, रेती, पालापाचोळ्याचे खत आणि विटांचे तुकडे भरले. घरात ठेवले, पण पूर्वेच्या खिडकीत. थंडीत पाणी अगदी कमी केले, एरवीही बोटाची दोन पेरे आत माती सुकल्यावरच दिले. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे आमच्याच तालुक्यात आहेत, आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर बायका टँकरची वाट पाहतात. तिथे रोज तांब्याभर पाणी ओतून आम्ही झाड बिघडवत होतो! युरिया बंद केला. पावसाच्या तोंडावर स्फुरद आणि पालाश असलेले खत चमचाभर घातले.

२०२४ च्या जुलैमध्ये खोडाच्या कडेला गव्हाएवढी कळी दिसली. तेव्हापासून कुंडी जागची हलवली नाही, कारण जागा बदलली की कळी गळते. कळी आधी खाली लोंबते, मग तिचा देठ वळून तोंड वर येते. ते झाले की एक-दोन रात्रींत उमलणार हे समजावे. आम्ही मुरबाडला फोन केला. बहीण आणि मेव्हणे संध्याकाळच्या गाडीने आले. आमची मुले आत्याच्या मांडीला टेकून बसली. साडेनऊला पाकळ्या सुटू लागल्या, बाराला फूल पूर्ण उघडले. खोली वासाने भरली. चहा झाला, गप्पा झाल्या. पहाटे ते मान टाकून होते. वंदनेत फुले वाहताना आपण जे रोज म्हणतो, ते मुलांना त्या दिवशी डोळ्यांनी दिसले.

आता आमच्याकडे रोपे पुष्कळ झाली आहेत. ज्यांना हवे त्यांनी पान न्यावे, तीन-चार दिवस सावलीत ठेवून चीर सुकू द्यावी, मग लावावे. दोन-तीन वर्षे धीर धरावा. एवढे करून फूल आले नाही, तर घरातल्या बाईकडे पाहू नये, खिडकीकडे पाहावे.