पुळ्याच्या वाळूवर

गेल्या माघांत गणपतिपुळ्यास जाण्याचा योग आला. माझ्या डाव्या डोळ्यांत मोतीबिंदु, शस्त्रक्रिया अजून व्हावयाची आणि उजव्याचाही फारसा भरंवसा नाहीं. म्हणून दहा वर्षांचा नातू हात धरून बरोबर होता. ज्यानें जन्मभर मुलांना वाट दाखविली, त्यानें मुलाच्या हाताला धरून चालावें, याची मनांतून लाजच वाटत होती.

सकाळीं केशवसुतांचें जन्मगांव मालगुंड पाहिलें. मग पश्चिमाभिमुख स्वयंभू गजाननाचें दर्शन घेतलें. येथें डोंगरच देवस्वरूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा सबंध डोंगराला घालावयाची. ती पुरी करून आम्ही किनाऱ्यावरील खडकांशीं टेकलों. ओहोटीनें मागें ठेविलेल्या एका डबक्यांत नातू वांकून पाहूं लागला.

"आजोबा, बोटाएवढा मासा आहे, अगदीं वाळूच्या रंगाचा! पाणी हललें तरी खडक सोडीत नाहीं."

तो गोबी कुळांतला असावा. या माशांचे पोटाखालचे पर बहुधा जुळून त्यांची वाटी झालेली असते. तिच्या योगानें ते खडकाला चिकटून राहतात. खाडीच्या चिखलांत उड्या मारणारी निवटी यांच्याच गोत्रांतली.

मग मीं त्याला यांच्या एका भाऊबंदाची हकीकत सांगितली. उष्ण समुद्रांत प्रवाळांजवळच्या वाळूंत तो राहतो. (प्रवाळ आपल्या मालवणासही आहेत, १९८७ सालीं तेथें सागरी अभयारण्य झालें.) त्याचें बीळ मात्र खणते एक कोळंबी. तिची दृष्टि फार मंद. ती वाळू उपसून बाहेर आणते, तेव्हां आपली लांब मिशी माशाच्या अंगाला टेकवून ठेवते. मासा दाराशीं पहारा करितो. शत्रु दिसतांच तो शेपूट थरथरवितो, कीं कोळंबी आंत. संकट जवळ आलें, तर मागोमाग तोही. सांख्यांच्या पंग्वंधन्यायाला इतकें चोख उदाहरण मला वर्गांत कधीं सांपडलें नव्हतें.

"म्हणजे तुम्ही कोळंबी आणि मी मासा!" नातू म्हणाला.

मी हंसलों, पण तें वाक्य मनांत राहिलें. मिशी टेकविण्यांत त्या कोळंबीला कमीपणा कसला? बीळ तिनेंच खणलेलें. पहारा तेवढा दुसऱ्याचा. घर मीं उभारलें. आतां दाराशीं हा उभा आहे, इतकेंच.

सूर्य समुद्राला टेकला, असें त्यानें सांगितलें. उठतांना मीं आपण होऊनच हात पुढें केला.