आभाळातून आलेली पेटी

वाचकहो, हिवाळ्यात ज्वारी राखताना पहाटे आभाळात चांदणीहून मोठा पांढरा ठिपका तुम्हाला कधी दिसलाय? लहानपणी आम्हाला तो दिसला, तेव्हा आजी म्हणाली, "बघू नका रे, घरात चला." पुढे गुरुजींनी उलगडा केला. तो मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा फुगा होता, हैदराबादेहून सोडलेला. वाऱ्याबरोबर असे फुगे आपल्या धाराशिव जिल्ह्यापर्यंत येतात.

ते कशासाठी? दवाखान्यात मोडलेले हाड दाखवणारे क्ष-किरण आभाळातल्या काही ताऱ्यांकडूनही येतात. पण हवा ते वाटेतच शोषून घेते. जमिनीवरून ते टिपता येत नाहीत. म्हणून यंत्रे फुग्याला बांधून तीस-चाळीस किलोमीटर वर न्यायची. काम झाले की पेटी हवाई छत्रीने खाली येते, कुणाच्याही शिवारात.

फुग्यांवर हात बसलेल्या याच संस्थेने पुढे 'ॲस्ट्रोसॅट' उपग्रहाची क्ष-किरण यंत्रे घडवण्यात मोठा वाटा उचलला. पुण्याच्या आयुकाचाही त्याला हातभार लागला. २८ सप्टेंबर २०१५ रोजी ही दुर्बीण ६५० किलोमीटर उंचीवर गेली.

तेव्हा मंडळी, अशी पेटी बांधावर दिसली तर उघडू नका, भंगारात घालू नका. आत जास्त दाबाची वीज असू शकते. पोलीस ठाण्यात किंवा टपाल कचेरीत कळवा, संस्था बक्षीस देते. चुकलेले वासरू आपण दावणीला बांधून धन्याला निरोप धाडतोच ना? ही पेटीही तशीच. तिच्यात कुणाची तरी वर्षांची राबणूक असते.