दुसरा नमुना

रात्री पावणेदोनला रुग्णालयाच्या लॅबमध्ये एक नळी आली. साठीतले शेतकरी, तासाभरापूर्वी छातीत कोंडल्यासारखं झालेलं. घरच्यांनी गॅस समजून सोडा पाजला होता. ईसीजीत ठळक काही नव्हतं. ट्रोपोनिन लावलं : ९. आमच्या किटवर १४ पर्यंत नॉर्मल.

"नॉर्मल आहे ना, डॉक्टर? मग बापूंना घरी नेतो," मुलगा म्हणाला.

"तीन तासांनी पुन्हा रक्त घ्यायचंय. तोवर कुठंही न्यायचं नाही."

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. रक्तपुरवठा तुटून पेशी मरू लागल्या की ते रक्तात झिरपतं. पण झिरपायला वेळ लागतो. लवकर पोचलेल्या माणसाचा पहिला आकडा म्हणूनच फसवा असतो. पाच वाजता दुसरा आकडा आला : ६४. उजाडायच्या आत बापूंना अँजिओग्राफीसाठी हलवलं.

आमच्या आधीच्या पिढीच्या हाती एसजीओटी होतं. झटक्यानंतर ते रक्तात वाढतं, हे १९५४ मध्ये अमेरिकेत दिसून आलं. पण ते यकृतातही असतं, काविळीतही वाढतं. मग सीपीके-एमबी आलं. त्याचा थोडा अंश हातापायांच्या स्नायूंतही सापडतो. आजचं ट्रोपोनिन या दोघांपेक्षा हृदयाशी कितीतरी इमानी. तरी ते इजा झाल्याचं सांगतं, इजा कशानं झाली ते नाही. डायलिसिसवरच्या एका बाईंचा आकडा ७० च्या घरात आला. तीन तासांनीही तिथंच. एकेकटे पाहिले तर ६४ आणि ७० सारखेच भीतीदायक. बापूंचा चढत होता, बाईंचा जागचा हलत नव्हता. निदान त्या चढात असतं. म्हणून दुसऱ्या नमुन्यासाठी मी नातेवाइकांशी हुज्जत घालतो, रागही ओढवून घेतो.

तीन महिन्यांनी बापू कोलेस्टेरॉल तपासायला आले. "आता शिरा मोकळ्या आहेत का, तेवढं रक्तातनं सांगा."

ते सांगणारी रक्ततपासणी माझ्याकडे नाही. एलडीएल, लायपोप्रोटीन-ए यांवरून धोका किती ते कळतं. शीर कुठं, किती अरुंद झाली ते नाही. गुपचूप वाढणाऱ्या ब्लॉकेजमध्ये ट्रोपोनिनसुद्धा नॉर्मल येऊ शकतं. हे मी त्यांना सरळ सांगितलं.

"मग मी काय करू?"

"गोळ्या चुकवू नका. आणि पुन्हा दुखलं, तर घड्याळ बघा आणि तडक निघा. नळीवर तुमच्या नावाखाली मला तीच वेळ लिहायची असते."